पॅलवर्ल्ड : गोजिरवाण्या प्राण्यांचा कारखाना

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याच्या खोलीत डोकावलो, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर हिरवेगार माळरान पसरलेले होते आणि त्यावर कापसाच्या गोळ्यांसारखी मेंढरे इकडून तिकडे गडगडत होती. "काका, बसा ना, माझा कारखाना दाखवतो," तो म्हणाला. कारखाना हा शब्द कानी पडल्यावर व्यापाऱ्याच्या घरातील माणूस उभा कसा राहील? मी बसलो. दोन तासांनी उठलो तेव्हा मनात कौतुक होते आणि अस्वस्थताही होती. त्यानंतर काही आठवडे मी हा खेळ त्याच्याकडून समजावून घेतला, थोडा स्वतः खेळूनही पाहिला. ज्यांच्या घरात मुले हा खेळ खेळत आहेत, त्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

खेळाचे नाव पॅलवर्ल्ड. पॉकेटपेअर नावाच्या टोकियोतील एका लहान कंपनीने तो 19 जानेवारी 2024 रोजी बाजारात आणला, तोही अपूर्णावस्थेत. पूर्ण होण्याआधीच विकायचा आणि खेळाडूंच्या सूचनांनुसार सुधारत जायचे, अशी पद्धत या धंद्यात आता रूढ झाली आहे. अमेरिकेत त्याची किंमत 29.99 डॉलर होती. पहिल्या सहा दिवसांत 80 लाख प्रती विकल्या गेल्या आणि महिनाभरात खेळाडूंची संख्या अडीच कोटींवर गेली. मोठ्या पेढ्यांनाही हेवा वाटावा असे हे यश.

प्राणी पकडून त्यांचा संग्रह करण्याचा हा खेळप्रकार मूळचा जपानचाच. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा छंद होता. त्या आठवणींतून 1996 साली पोकेमॉनचा जन्म झाला. त्या खेळाच्या लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या निघाल्या आणि काही प्राणी एकीत, तर काही दुसरीतच मिळत. संग्रह पुरा करायचा तर दोन मित्रांनी आपली यंत्रे तारेने जोडून प्राण्यांची अदलाबदल करावी लागे. देवाणघेवाणीवाचून खेळ पुरा होऊ नये, ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. पोकेमॉनमध्ये हरलेला प्राणी मूर्च्छित पडतो, उपचार झाले की पुन्हा उभा राहतो.

पॅलवर्ल्डमधील प्राण्यांना पॅल म्हणतात. अशा शंभराहून अधिक जाती पॅलपॅगोस नावाच्या बेटांवर विखुरलेल्या आहेत. खेळाडू रिकाम्या हाताने किनाऱ्यावर उतरतो, लाकूड, दगड आणि एक निळसर खनिज गोळा करून गोळे बनवतो आणि त्या गोळ्यांत पॅल पकडतो. इथवर सारे ओळखीचे. वेगळेपण पुढे आहे. पकडलेला पॅल लढाईपुरता नसतो, तो कामाला लागतो. कामांचे 12 प्रकार आहेत : पेरणी, पाणी घालणे, लाकूडतोड, खाणकाम, वीजनिर्मिती, मालवाहतूक, औषधे बनवणे इत्यादी. प्रत्येक जातीची योग्यता निराळी. आगीचा कोल्हा भट्टी पेटवतो, मेंढरू लोकर देते, माकड झाडावरची कामे सांभाळते. कोणाला कुठे नेमायचे, कच्चा माल कुठे साठवायचा, भट्टी आणि कोठार यांत किती अंतर ठेवायचे, याचा हिशेब सतत करावा लागतो. चौदा वर्षांचा मुलगा "काका, माल वाहणारा कमी पडतोय म्हणून भट्टी रिकामी राहते," असे म्हणतो, तेव्हा त्याला उत्पादनातील अडथळा म्हणजे काय ते कळले आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्या काही अनुभवी मुनीमांनाही हे इतक्या लवकर सुचत नाही!

चार जणांनी एकत्र खेळण्याची सोयही चांगली आहे. पुण्याची आत्येभावंडे आणि आमचा चिरंजीव एकाच बेटावर कामे वाटून घेतात. त्यांचे भांडणही कामावरूनच होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आता दुसरी बाजू. पॅलना थकवा येतो, भूक लागते, त्यांची मनःस्थिती घसरते. झोपायला बिछाना, अंग शेकायला गरम पाण्याचे कुंड आणि वेळेवर अन्न दिले तर ते ठीक राहतात. मालकाला मात्र कामाचा वेग वाढवण्याचीही सोय आहे. वेग वाढवला की माल अधिक निघतो आणि पॅल आजारी पडतात. कोणाला पोटात व्रण होतो, कोणाचे हाड मोडते, कोणाला नैराश्य येते. खेळ हे सारे विनोदाच्या सुरात दाखवतो. आजारी पॅलला औषध देता येते, पण नवा पॅल पकडायला एक गोळा पुरतो आणि तो गोळा औषधापेक्षा सहज बनतो. म्हणजे खेळाच्या जमाखर्चात उपचारापेक्षा बदली स्वस्त. माझ्या मते या खेळाचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि बंदुकांपेक्षाही तो अधिक खोल आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीहून अधिक भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेली ही यादी एका जपानी खेळाच्या पडद्यावर क्रमाने भेटेल, असे मला कधी वाटले नव्हते. गोळ्यात बंद करणे आहे, दंडुक्याचे प्रहार आहेत, अतिभार आहे, रिकामी अन्नपेटी आहे. आणि छेदही आहे. ठराविक पातळी गाठल्यावर खेळाडूला खाटकाचा सुरा बनवता येतो आणि आपल्याच पाळीव पॅलवर तो चालवता येतो. त्या क्षणी पडद्यावरील दृश्य मुद्दाम धूसर केले जाते. दाखवायची लाज वाटली, पण खेळातून काढून टाकण्याइतकी वाटली नाही, असाच याचा अर्थ मी घेतला. खेळात माणसांनाही पकडता येते आणि काळ्याबाजारातील व्यापाऱ्याला विकता येते. हे वाचून कोणाला हसू येईल, मला आले नाही.

"पण काका, ते खरे कुठे आहेत? नुसती चित्रे आहेत," पुतण्याने विचारले. प्रश्न रास्त होता. बुद्धिबळातही आपण घोडा मारतोच. मी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी ती 959 साली यशस्तिलकात आणली, 1209 साली जन्न कवीने कन्नडमध्ये लिहिली. मातेच्या आग्रहाखातर राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला आणि तेवढ्यासाठी मायलेकांना पशुयोनीत जन्मावर जन्म घ्यावे लागले. पीठ मेले नव्हते, पण मारण्याचा संकल्प खरा होता. पुतण्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "राजाने कोंबडा समजूनच मारला. मी चित्र समजून खेळतो." या उत्तरावर माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. भाव काय आहे हे खेळणाऱ्यालाच ठाऊक. एवढे मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतले की सुरा बनवायचा नाही.

सुऱ्यावाचून खेळ चालतो का? बराचसा चालतो. बोरांसारख्या लाल फळांची लागवड, गव्हाची शेती, पाव आणि कोशिंबीर यांवर खेळाडूचे आणि पॅलचेही पोट भरते. खोगिरासाठी चामडे लागते, तिथे अडते. आणि पॅलची पैदास करायची तर केक लागतो, त्यात अंडी आणि मध दोन्ही. आमच्या घरी केकवर फार वेळ चर्चा झाली.

कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर उणिवा ढोबळ आहेत. पॅल भिंतीत अडकतात, छतावर चढून बसतात आणि खाली उतरता न आल्यामुळे उपाशी राहतात. गुहा एकसारख्या आहेत. कथा जवळजवळ नाहीच. पॅलच्या मुक्तीसाठी झटणारी म्हणून एक टोळी आहे, ती स्वतःच पॅल लढाईत वापरते. या विसंगतीतून काही घडवता आले असते, पण लेखकांनी ती तशीच सोडून दिली. पहिले वीस-पंचवीस तास उत्साहाचे, नंतर अधिक चांगले यंत्र बनवण्यासाठी अधिक खनिज आणि अधिक खनिजासाठी अधिक चांगले यंत्र, असे चक्र उरते.

पॅलची रूपे पोकेमॉनशी फार जुळतात, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. 18 सप्टेंबर 2024 रोजी निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनी यांनी टोकियो जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला, तो मात्र रूपसाधर्म्याचा नसून पेटंटच्या भंगाचा. नोव्हेंबरअखेरीस पॉकेटपेअरने गोळा फेकून आपला पॅल बोलावण्याची रीत खेळातून काढली. आता पॅल थेट बाजूला प्रकट होतो.

मागच्या आठवड्यात पुतण्या दुकानी आला होता. गव्हाचा ट्रक उतरत होता. पोत्याचे वजन किती, असे त्याने विचारले. पन्नास किलो, मी सांगितले. मग त्याने हमालांना सुट्टी कधी असते ते विचारले. रविवारी, मी म्हणालो. "आणि हंगामात?" हंगामात आमचे दुकान रविवारीही उघडे असते. त्या दिवशी मी मुनीमजींशी बोललो, यंदापासून हंगामात पाळी लावून सुट्टी देण्याचे ठरत आहे. हमालांच्या मुकादमाचे म्हणणे ऐकून घ्यायचे अजून बाकी आहे.

घरातील व्यवस्था सध्या अशी : शनिवार-रविवार मिळून तीन तास, तेही आत्येभावंडांबरोबर, संगणक दिवाणखान्यात. दहा-बारा वर्षांखालील मुलांना मी हा खेळ देणार नाही. त्यांच्यासाठी पोकेमॉन पुरेसा आहे.