हुरडा खावा राहुरीच्या वाणाचा

डिसेंबर उजाडला की नगर-पुणे, नगर-मनमाड रस्त्यांच्या कडेला पाट्या लागतात : ‘अनलिमिटेड हुरडा’. माणशी एक दर, मग खा पोटाला मानवेल तेवढं. शिर्डीला निघालेल्या गाड्या या पाट्या वाचत राहुरीत येतात. गावाच्या अलीकडे हाच रस्ता महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आवारातून जातो. दुतर्फा झाडं, त्यांच्यामागे प्रयोगाचे वाफे, मधूनच एखादं कमान असलेलं फाटक. खिडकीतून हे सगळं मागे पडतं आणि गाडीतल्या मंडळींना पत्ताही नसतो, की खास हुरड्यासाठी निवडलेली ज्वारी याच विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या हाती दिली.

राहुरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, कारखाना आणि विद्यापीठ. कारखाना सहकारी चळवळीच्या सुरुवातीच्या पिढीतला. त्याला आज डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे यांचं नाव आहे आणि त्याच्याभोवतीच्या वस्तीला सगळे ‘राहुरी फॅक्टरी’ म्हणतात. बारागाव नांदूरला मुळा नदीवर धरण आहे. कागदोपत्री त्याचं नाव ज्ञानेश्वर सागर आणि क्षमता २६ टीएमसी. त्याचा डावा कालवा राहुरीचं रान भिजवतो, उजवा पुढे नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे जातो. उत्तरेला प्रवरेचं पाणी. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला तालुका म्हणजे उसाचा हिरवा पट्टाच वाटतो.

पण पश्चिमेला ताहराबाद, म्हैसगावच्या बाजूला वळलं की जमीन चढते, माती हलकी होते आणि खरी राहुरी दिसते. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या घरातला. ‘भक्तविजय’ लिहिणारे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) याच ताहराबादचे. कालव्याचं पाणी जिथे चढत नाही तिथे आधार रब्बीच्या ज्वारीचा, म्हणजे शाळूचा. परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, पुढे थंडी आणि दवावर सोडून द्यायचा.

विद्यापीठाचा जन्म १९६८चा. भगवा डाळिंब, फुले त्रिवेणी गाय, पाडेगाव केंद्राचा ऊस यांची कीर्ती मोठी, ज्वारीची त्या मानाने थोडी. वास्तविक शाळूवर इथे झालेलं काम बघण्यासारखं आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ पिढ्यान् पिढ्या भाकरीची राणी म्हणून मिरवली; पण एकच वाण सगळ्या जमिनींवर पेरायचं हा हिशेब राहुरीने मोडला. हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि फुले माऊली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. एवढ्यावर न थांबता खाण्याच्या तऱ्हेप्रमाणेही वाणं निघाली. लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी आणि हुरड्यासाठी फुले उत्तरा, त्यामागून फुले मधुर. आपल्याकडे धान्याचं मोल पोत्यात आणि क्विंटलात होतं; कोवळा दाणा तोंडात कसा लागेल यासाठी कणसं पारखत वर्षं घालवणारे शास्त्रज्ञ मला फार मोलाचे वाटतात.

हुरड्याच्या कणसाकडून मागणं तसं अवघड आहे. दाणा गोड हवा, रसाळ हवा आणि भाजल्यावर चोळताच बोंडातून सुटला पाहिजे. भाकरीच्या ज्वारीचा हुरडा होत नाही असं नाही, पण दाण्याबरोबर कुसं येतात आणि खाणारा निम्मा वेळ थुंकत बसतो. फुले उत्तराचा दाणा सहज निघतो. पेरणीपासून ९० ते १०० दिवसांत ती हुरड्यावर येते आणि एका कणसातून साधारण ७० ते ९० ग्रॅम हुरडा मिळतो. दाणा नखाने दाबला आणि पांढरं दूध उडालं तर अजून कच्चा. नख रुतलंच नाही तर वेळ गेली. मधले थोडेच दिवस खरे. म्हणून हुरड्याचा धंदा करणारे शेतकरी पेर एकदम उरकत नाहीत, टप्प्याटप्प्याने घेतात. शिवाय गोड दाणा पाखरांनाही कळतो, तेव्हा राखण आलीच.

आता आगटीजवळ बसा. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, जाळ नाही, नुसती लाल धग. भाजणारा कणसं विस्तवात खुपसतो, दांडा बाहेर ठेवतो आणि एकेक फिरवत राहतो. दाणे तडतडले, हिरव्यावर काळे ठिपके आले की कणीस बाहेर. मग ते पोत्याच्या तुकड्यात धरून गरम गरमच चोळायचं, सुपात पाखडायचं आणि मूठभर हिरवे, वाफाळते दाणे समोरच्या ताटलीत. सोबत शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी, गूळ, दही, बारीक शेव. हे सगळं ताटलीत पडल्यापासून दोन-चार मिनिटांच्या आत संपवायचं, कारण गार हुरडा चिवट होतो.

‘अनलिमिटेड’ची गंमत इथेच आहे. भाजणाऱ्याचे हात जेवढे चालतील तेवढंच तुम्हाला मिळणार. दहाजणांच्या घोळक्याला एका आगटीवरून मूठ-मूठ येत राहते, मधे गप्पा होतात, बोरं खाल्ली जातात, ऊस सोलला जातो, आणि कोवळ्या ज्वारीने पोट केव्हा भरलं ते कळतही नाही. हुरडा अंगावर येतो. हावरटातल्या हावरटालाही त्याच्यापुढे हात जोडावे लागतात. त्यामुळे मालक बिनधास्त पाटी लावतो.

थायलंडमध्ये ‘मू क्राथा’ नावाचा असाच आगीभोवतीचा बुफे भलता लोकप्रिय आहे. टेबलाच्या मधोमध कोळशावर घुमटासारखा फुगीर तवा, त्याच्या कडेने रश्श्याची खाच. घुमटावर डुकराच्या मांसाचे पातळ काप भाजायचे, त्यांचा रस ओघळून खाली रश्श्यात उतरतो आणि त्यात भाज्या, शेवया शिजतात. दर माणशी ठरलेला. अशा बुफेत बऱ्याच ठिकाणी ताटात टाकलेल्याचा दंड वेगळा घेतात. आपल्याकडे पानात टाकू नये हे आईने शिकवलेलं असतं, पाटीची गरज पडायला नको; तरी दुपारच्या पंगतीनंतर काही शेतांवरच्या पत्रावळ्या बघितल्या की दंडाची पद्धत इथेही सुरू करावी असं वाटतं.

दुपारची पंगत हा या हुरडा पार्ट्यांचा कच्चा दुवा. पिठलं-भाकरी, ठेचा, भरीत, शेंगोळी इथवर ठीक. पण गिऱ्हाईक तुटू नये म्हणून पनीर आलं, गुलाबजाम आले, स्पीकर आला, उंटावरची फेरी आली. मूळ हुरडा विकतचा नव्हताच. पीक हुरड्यावर आलं की शेतकरी पाहुण्यांना, शेजाऱ्यांना रानात बोलवायचा. आज तो पैसे घेतो याचं वाईट वाटायचं काही कारण नाही. जिरायत शाळूचं सुगीनंतर काय येतं ते त्यालाच ठाऊक. कणसाला हिरवेपणीच चार पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. मात्र गर्दी वाढली की भाजणारे वाढत नाहीत, आदल्या दिवशी तोडलेली कणसं आगटीत जातात आणि सकाळी एकदम भाजून ठेवलेला हुरडा परातीतून वाढला जातो. तो नावाचाच हुरडा. तो दिवसभर पुरवण्यापेक्षा ताजा हुरडा तासभर मिळालेला बरा.

जायचं तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जा. अहिल्यानगरहून राहुरी तासाभराच्या आत गाठता येते, शिर्डीहूनही फार लांब नाही. सकाळी लवकर पोचा आणि न्याहारी करून जाऊ नका. पैसे भरण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारा : कणीस आज तोडलं का, आणि वाण कोणतं? उत्तरा, मधुर, सुरती, गुळभेंडी, काहीतरी नाव पटकन यायला हवं. नुसतं ‘ज्वारीच आहे की’ म्हणाला, तर पुढची पाटी बघा.