मुंबई ते दुबई : अंतर किती व वेळ किती ?

आमच्या जालन्याहून शीघ्रगती आगगाडीनें मुंबई गांठावयास सुमारें सात तास लागतात. मुंबईहून समुद्रापलीकडील दुबईस विमान सव्वातीन तासांत पोहोंचतें. ह्या दोन शहरांमधील सरळ आकाशमार्ग सुमारें १,९३० किलोमीटर आहे.

आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील दुबईस नोकरीला असतात. गेल्या नाताळांत त्यांचें विमान तेथून सकाळीं १० वाजतां निघून मुंबईस दुपारीं २ वाजून २० मिनिटांनीं उतरावयाचें होतें. मुलानें वजाबाकी केली : चार तास वीस मिनिटें ! जातांना मात्र १० वाजतां निघालेलें विमान पावणेबारासच उतरलें होतें. वाटेंत कांहीं अडचण तर नाहीं ना, ह्या शंकेनें त्याची आई व्याकुळ झाली.

वजाबाकी बरोबर होती. घड्याळें मात्र दोन होतीं. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते. भारताची वेळ ८२½ पूर्व रेखांशावरून धरतात, दुबईची ६० वरून. फरक २२½ अंशांचा, म्हणजे दीड तासाचा. दुबईंत दहा वाजतात तेव्हां आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. तेव्हां येण्यास खरा वेळ दोन तास पन्नास मिनिटेंच !

तरी जाण्यापेक्षां येण्यास पंचवीस मिनिटें कमी कां लागावीं ? दहा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यांत, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो जाणाऱ्या विमानास अडवितो व येणाऱ्यास पुढें लोटतो. मुंबईवर उतरण्यासाठीं घिरट्या घालाव्या लागल्या, तर मात्र वाऱ्यानें दिलेलीं मिनिटें तेथेंच खर्ची पडतात.