चार महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचे घर

मुलाच्या भविष्याचा विषय निघाला की आपल्या घरांत मोजकेच रस्ते सांगितले जातात. मेडिकल, इंजिनियरिंग, बी.एड., आयटीआय, नाहीतर दुबईचा व्हिसा. अशा वेळी एखादा मुलगा म्हणाला, "मी हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग शिकवीन आणि उन्हाळ्यात पाण्यावरच्या स्पर्धा खेळीन," तर अब्बांचा पहिला प्रश्न असेल, "मग पोट कसे भरशील?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर न तपासताच आपण "भरणार नाही" असे धरून चालतो. मी शाळेत शिकवतो. दहावी-बारावीनंतर भेटायला येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या तोंडून आता ट्रेकिंग, स्कुबा, स्कीइंग हे शब्द ऐकू येतात. त्यांना हसून उडवून लावण्यापेक्षा या कामाची खरी माहिती घरात असलेली बरी, म्हणून हा लेख.

बर्फ आणि पाणी, तोल एकच

स्कीइंग म्हणजे दोन्ही पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येणे. दिसायला सोपे, पण वेग आवरणे हीच त्यातली विद्या आहे. नवशिक्याला आधी पडायला, मग उठायला आणि मग थांबायला शिकवतात. थांबण्यासाठी पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवायची. हा आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून लहान मुलांना प्रशिक्षक "पिझ्झा कर" असेच सांगतात.

वेकबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधलेले असतात. खेळाडू पुढे धावणाऱ्या मोटारबोटीचा दोर हातात धरतो. बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेचा उंचवटा घेऊन तो हवेत उडी मारतो, गिरकी घेतो आणि परत पाण्यावर उतरतो. परीक्षक त्या उड्यांना गुण देतात. हा खेळ १९८० च्या दशकात पुढे आला आणि २००१ पासून 'वर्ल्ड गेम्स' या जागतिक स्पर्धेत आहे. ऑलिंपिकमध्ये मात्र त्याला अजून जागा मिळालेली नाही.

गुडघे सैल ठेवणे, नजर पायाकडे न ठेवता समोर ठेवणे आणि शरीराचा भार योग्य पायावर देणे, या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागतात. त्यामुळे थंड देशांतले अनेक तरुण हिवाळ्यात डोंगरावर शिकवतात आणि बर्फ वितळला की तलावावर उतरतात. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था १९६८ पासून काम करते आहे. हिवाळ्यात तिथे स्कीइंगचे वर्ग भरतात, आणि उन्हाळ्यात पदभ्रमणाबरोबर पाण्यावरच्या स्कीइंगचे वर्गही ही संस्था घेत आली आहे.

गुलमर्गचा हंगाम

आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास आहे. गुलमर्ग आहे २,६५० मीटरवर. तिथून गोंडोला, म्हणजे दोरावर चालणारा बंद पाळणा, दोन टप्प्यांत अफरवट डोंगराकडे नेतो. वरचे ठिकाण ३,९०० मीटरहून उंच आहे. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये.

गुलमर्गच्या पायथ्याला तंगमर्ग आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतली घरे या उतारावर चालतात. कोणी स्की भाड्याने देतो, कोणी घोडा धरतो, कोणी लाकडी स्लेज ओढतो, कोणी पाहुण्यांना वाट दाखवतो, तर कोणी स्कीइंग शिकवतो. काश्मीरमधल्या शाळांना लांब सुट्टी हिवाळ्यात असते. त्यामुळे तिथली मुले बर्फावर लहानपणीच चालू लागतात आणि पुढे त्यांच्यातलेच काही प्रशिक्षक होतात.

पण ही रोजी आभाळाच्या हातात आहे. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला तिथे 'चिल्लई कलां' म्हणतात. या काळात भरपूर बर्फ पडावे अशी अपेक्षा असते. जानेवारी २०२४ मध्ये मात्र गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे राहिले. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत होणार होता, तो बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला आणि पाहुण्यांनी काश्मीरकडे पाठ फिरवली. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. पाऊस रुसला की इकडचा हंगाम जातो, बर्फ रुसले की तिकडचा.

आरिफ खान: दुकानातून ऑलिंपिकपर्यंत

या गावांतून पुढे आलेले सर्वांत ठळक नाव म्हणजे मोहम्मद आरिफ खान. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान. आरिफ चौथ्या वर्षी बर्फावर उभा राहिला. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदके मिळवली. पण पुढच्या वाटेवर बर्फापेक्षा पैशाची अडचण मोठी होती. युरोपात राहून सराव करायचा तर प्रवास, प्रशिक्षक, साहित्य या सगळ्याचा खर्च येतो. २०१८ च्या ऑलिंपिकची संधी त्याच्या हातून गेली, त्यामागे पैशाची चणचण हे मोठे कारण होते.

त्याने खेळ सोडला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी पात्र ठरला, आणि तेही दुबईत! वाळवंटातल्या एका मॉलमध्ये २००५ पासून छताखाली गोठवलेल्या बर्फाचा उतार आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे दुबईला नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी काचेतून तो उतार पाहतात. तिथल्या शर्यतींत आरिफने स्लॅलम प्रकारातले स्थान मिळवले. पुढे जायंट स्लॅलममध्येही तो पात्र ठरला. एकाच हिवाळी ऑलिंपिकच्या दोन प्रकारांसाठी पात्र ठरलेला तो पहिला भारतीय.

४ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या उद्घाटनात तिरंगा त्याच्या हातात होता. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. स्लॅलमची शर्यत त्याला पूर्ण करता आली नाही. पदक मिळाले नाही, हे खरे. पण घरचा धंदा हंगामी, खेळ महागडा आणि गाव डोंगरातले, अशा परिस्थितीत इथवर पोहोचायला त्याला साधारण दोन दशके लागली. मुलाला स्वप्न दाखवताना ही दोन दशकेही दाखवावीत.

आपला स्वतःचा हंगाम

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण हंगामावर चालणारा हाच पेशा आपल्या किनाऱ्यावर आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात स्कुबा, स्नॉर्कलिंग, जेट स्की, पॅरासेलिंग चालते. मासेमारी करणाऱ्या घरांतली अनेक मुले आता पाहुण्यांना समुद्राखालचे मासे आणि प्रवाळ दाखवतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. शेजारच्या गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० पासून जीवरक्षक आणि पॉवरबोट चालवण्याचे अभ्यासक्रम घेते. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे सारे बंद होते. तेव्हा कोणी बोटीची डागडुजी करतो, कोणी शेती पाहतो, कोणी दुसऱ्या गावी काम शोधतो.

आणि पाण्याजवळ न जन्मलेल्यांचे काय? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे पाण्याची टंचाई सोसणारे गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायला जात असे. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात त्याच्या हाती नौकानयनाची वल्ही आली. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, एकेरी नौकानयनात तो १३ वा आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. विहीर खोदणाऱ्याच्या हातात ताकद होतीच. तिला वळण लावणारी संस्था आणि महिन्याला पगार देणारी नोकरी सैन्याने दिली. आपल्या मुलांनी हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. सैन्य, पोलीस अशा दलांतून खेळाडूला मिळणारी नोकरी हा या वाटेवरचा सर्वांत भक्कम आधार आहे.

शिकवणाऱ्याची अमानत

हे काम मला जवळचे वाटते, कारण तेही शिकवणेच आहे. वर्गात माझे चुकले तर मुलाचे गणित चुकते. डोंगरावर किंवा पाण्यात प्रशिक्षकाचे चुकले तर जीव जातो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीपटू दगावले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला.

म्हणून चांगल्या प्रशिक्षकाची ओळख त्याच्या उड्यांवरून होत नाही. हवा बिघडल्यावर, समोर पैसे घेऊन गिऱ्हाईक उभे असताना, "आज नाही" म्हणण्याची हिंमत त्याच्यात आहे का, यावरून होते. त्या दिवसाची कमाई बुडते. पण दुसऱ्याचे मूल आपल्या हवाली आहे, ती अमानत आहे, हे ज्याला कळते तोच हे काम करायला लायक. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात येतो. रोजा ठेवून उतारावर काम करणाऱ्याने आपल्या ताकदीचा अंदाज घेऊन वेळा आणि वर्ग ठरवणे, हाही त्याच जबाबदारीचा भाग.

मुलींचे काय?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. कपड्यांची अडचण इथे फारशी नाही. स्कीइंगमध्ये डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे आणि अंगभर जाड कपडे लागतातच. पाण्यात मानेपासून घोट्यापर्यंतचा पोशाख मिळतो. खरा प्रश्न राहण्याच्या सोयीचा, सोबतीचा आणि महिला प्रशिक्षकांचा आहे. तो संस्थेला थेट विचारावा. श्रीनगरच्या बिल्किस मीर यांनी दल सरोवरात कनूइंगचा सराव केला, पुढे प्रशिक्षक झाल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या पंचमंडळात बसल्या. तिथे बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुलगी खेळाडू होईल किंवा होणार नाही. पण पंच, प्रशिक्षक, संघटक हे रस्तेही खेळातूनच निघतात, हे तिला माहीत असावे.

होकार देण्याआधी

मुलगा किंवा मुलगी खरोखर हट्टाला पेटली असेल तर आई-वडिलांनी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, शिक्षण. पदवी सोडून या वाटेला जाऊ देऊ नये. सुट्टीत एक प्राथमिक शिबिर करू द्यावे. थंडी, थकवा आणि शिस्त सोसवते का, ते तिथेच कळते.

दुसरी, प्रमाणपत्र. सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेचेच घ्यावे, आणि प्रथमोपचाराचे व जीवरक्षकाचे सोबत घ्यावे. नुसते खेळता येणाऱ्याला काम मिळेल, पण भरवसा मिळणार नाही.

तिसरी, हिशेब. समजा चार महिन्यांत खर्च जाऊन एक लाख वीस हजार रुपये उरले. कानाला ही रक्कम मोठी वाटते. बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला दहा हजारच येतात. उरलेल्या आठ महिन्यांचे काम आधी ठरलेले हवे. शेती, दुकान, शाळेत क्रीडाशिक्षक, पर्यटनाचा व्यवसाय, काहीही चालेल. गुलमर्ग आणि मालवणची जी घरे तग धरून आहेत, त्यांच्याकडे सहसा असा दुसरा हात असतो.

चौथी, विमा. या खेळांत गुडघा आणि खांदा दुखावणे नेहमीचे आहे. एका पडण्यात अख्खा हंगाम जाऊ शकतो. विमा नसेल तर त्या दवाखान्याचा खर्च घरावर येतो.

आधी पोहणे

आपल्या शहराजवळ नाथसागराचे अथांग पाणी आहे, तरी पोहता न येणारी मुले आपल्या मोहल्ल्यांत ढिगाने सापडतील. दर उन्हाळ्यात विहिरीत, खदानीत, धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या मुलांच्या बातम्या येतात. मुलांना पोहायला शिकवा, ही शिकवण आपल्याकडे हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यासाठी ना गुलमर्गला जावे लागते, ना तारकर्लीला. येत्या सुट्टीत मुलांना, आणि मुलींनाही, महिलांच्या वेगळ्या वेळा असलेल्या जलतरण तलावावर पाठवा. त्यांतला एखादा पुढे पाण्यावरचा खेळाडू होईल, एखादी प्रशिक्षक होईल. बाकीचे निदान पाण्याला घाबरणार नाहीत, आणि बुडणाऱ्याला हात कसा द्यायचा हे त्यांना कळेल.