न्यूयॉर्कची ६ नंबरची मेट्रो वळते कुठे?

गर्दीच्या वेळी गाड्या किती वाढवता येतील, हे बऱ्याचदा शेवटच्या स्टेशनवर ठरतं. न्यूयॉर्कची एल लाइन बघा. मॅनहॅटनमधल्या एट्थ अ‍ॅव्हेन्यूला रूळ फलाटाशीच संपतात, पुढे बफर. म्हणून गाडी जपून, हळू आत येते, चर्चगेटच्या लोकलसारखी दिशा बदलते आणि बाहेर पडते. फलाट रिकामा होईपर्यंत मागची खोळंबते.

आता ६ नंबर. ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉलला प्रवासी उतरले की ती गोल वळण घेऊन थेट परतीच्या फलाटावर येते. ड्रायव्हरला टोक बदलावं लागत नाही, समोरच्या गाडीचा रूळ ओलांडावा लागत नाही. याच वळणावर १९०४चं जुनं सिटी हॉल स्टेशन आहे: फरशांच्या देखण्या कमानी, काचेची तावदानं. फलाट इतका वाकडा, की नव्या डब्यांच्या दारांशी धोकादायक फट पडायची. १९४५च्या अखेरीस ते बंद झालं, वळण मात्र आजही राबतंय. शंभर वर्षांपूर्वीची ही आखणी मला फार थोर वाटते!

दुसऱ्या टोकाला, ब्रॉन्क्समध्ये, वेगळी युक्ती. गर्दीच्या वेळी एक्स्प्रेस पेल्हम बे पार्कपर्यंत जातात, तेव्हा लोकल अलीकडे पार्कचेस्टरलाच परत फिरतात.

न्यूयॉर्कला गेलात तर ब्रुकलिन ब्रिजला उतरू नका. ६ नंबरमध्येच बसून राहा आणि खिडकीतून ते जुनं स्टेशन नक्की बघा.