आरव्हीची पाण्याची टाकी: शेवटच्या नळाला क्लोरीन आलं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय छोटासाच आहे: आरव्हीच्या टाकीतलं पाणी पिण्याजोगं कसं करायचं.

आधी माझी चूक सांगतो. मी टेक्सासमध्ये राहतो आणि आमच्याकडे एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर आहे. मार्चच्या ट्रिपनंतर टाकीत थोडं पाणी तसंच राहिलं. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून आले आणि आम्ही तोच ट्रेलर घेऊन निघालो. पहिल्याच संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, पाण्याला शेवाळ्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, "आई, अमेरिकेचं पाणी आहे, काही होत नाही." दुसऱ्या दिवशी बाबांचं पोट बिघडलं. त्यांना मधुमेह आहे, त्यात जुलाब. तीन दिवस आम्ही त्यांची साखर तपासत बसलो. पाण्यामुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मला अपराधी वाटायचं ते वाटलंच.

घरी आल्यावर टाकीत ब्लीच ओतलं, चार तास ठेवलं, खालचा ड्रेन उघडून सोडून दिलं आणि नवीन पाणी भरलं. झालं काम! बाबा बाहेर खुर्ची टाकून बघत होते. त्यांनी गावाकडे ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम केलंय. विहिरीत टीसीएल पावडर टाकणं, ओटी टेस्ट घेणं, सगळं. त्यांनी एकच विचारलं, "शेवटच्या नळाला क्लोरीन आलं का?"

मी सिंकचा नळ सोडला. तोच वास.

म्हणजे बघा, मी टाकी धुतली होती, पण पाणी पंपातून, पाइपांतून, हीटरमधून जातं. तिथे आतल्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. क्लोरीन तिथवर पोचलंच नाही तर तो थर तसाच राहतो आणि स्वच्छ पाणी परत खराब करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर साफ केला, कॅश तशीच राहिली. गावात पण क्लोरीन टाकीवर नाही, शेवटच्या नळाला मोजतात. तिथे लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम मिळायला हवं.

आता नीट पद्धत:

1. हीटर बंद करा, वीज आणि गॅस दोन्ही. तो पूर्ण थंड होऊ द्या, प्रेशर सोडा, मगच रिकामा करा. गरम हीटर उघडलात तर भाजेल. तो परत पाण्याने भरेपर्यंत चालू करायचा नाही, नाहीतर आतला एलिमेंट जळतो.

2. टाकी आणि पाइप रिकामे करा. पाण्याचे फिल्टर काढून ठेवा.

3. ब्लीचचं माप: दर 15 गॅलनला पाव कप. साधं, बिनवासाचं ब्लीच घ्या. सुगंधी किंवा 'स्प्लॅशलेस' नको. जुनी बाटलीही नको, कारण ब्लीचचा जोर काळाबरोबर कमी होतो. माझी टाकी 40 गॅलनची आणि हीटर 6 गॅलनचा. हीटर धरायला लोक विसरतात. एकूण 46 गॅलन, म्हणजे पाऊण कपापेक्षा किंचित जास्त. यातून क्लोरीन साधारण 50 पीपीएम किंवा त्याहून जास्त होतं, ब्लीच किती तीव्र आहे त्यावर अवलंबून.

4. ब्लीच आधी गॅलनभर पाण्यात मिसळा, मग टाकीत ओता आणि टाकी पूर्ण भरा. होज पिण्याच्या पाण्याचाच वापरा, बागेचा नको.

5. पंप चालू करून एकेक नळ उघडा. थंड, गरम, शॉवर, टॉयलेटचा फ्लश आणि बाहेरचा शॉवर. प्रत्येक ठिकाणी ब्लीचचा वास आला की बंद करा. माझ्याकडे बाहेरचा शॉवरच राहून गेला होता.

6. निदान चार तास ठेवा. रात्रभर ठेवलं तरी चालेल.

7. सगळं सोडून द्या, पाणी भरा, सगळे नळ परत चालवा. वास जाईपर्यंत दोन-तीनदा करा. शेवटी स्विमिंग पूलची टेस्ट स्ट्रिप लावा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात क्लोरीनची मर्यादा लिटरला 4 मिलिग्रॅम आहे, त्याच्या आत आलं पाहिजे. मग फिल्टर परत बसवा.

एक धोका नीट लक्षात ठेवा. वास घालवायला काही जण व्हिनेगर वापरतात. ब्लीच आत असताना व्हिनेगर किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही टाकू नका, विषारी वायू तयार होतो.

हे कधी करायचं? गाडी नवीन घेतल्यावर, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा काढताना, किंवा पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं असेल तेव्हा. आणि ट्रिप संपली की टाकी रिकामी करायची. माझं तेवढंच चुकलं होतं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा बाबा उठून स्वतः बाहेरच्या शॉवरपाशी गेले, हातावर पाणी घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "आता आलं." पुढच्या ट्रिपला आईने त्याच पाण्याचा चहा केला. मी मात्र आधी स्ट्रिप लावली, मगच प्यायलो.

तुमच्या गाडीत शेवटचा नळ कुठला, हे एकदा शोधून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!