कबड्डीच्या मैदानावरचे दाभोलकर

साताऱ्यातील शाळेचा विषय निघाला की आपल्या वाचकांना एकच तारीख आठवते, ७ नोव्हेंबर १९००. त्या दिवशी छोट्या भिवाचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज मात्र त्याच गावातील दुसऱ्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्याची आठवण काढायची आहे. न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी, डॉ. नरेंद्र दाभोलकर.

दरवर्षी २० ऑगस्टला त्यांच्यावर पुष्कळ बोलले जाते. विचारवंत, संघटक, 'साधना'चे संपादक. त्यांच्यातला खेळाडू मात्र एका ओळीत उरकला जातो. हे बरोबर नाही.

कोल्हापूरचा माणूस फुटबॉलवर जीव टाकतो. तालमींचे संघ समोरासमोर आले की अर्धे गाव कामधंदा सोडून मैदानावर जाते. सातारा-सांगलीकडे तेच वेड कुस्तीचे आणि कबड्डीचे. १ नोव्हेंबर १९४५ ला जन्मलेला, दहा भावंडांतला हा धाकटा मुलगा कबड्डीत रमला. शाळेनंतर सांगलीचे विलिंग्डन कॉलेज, मग मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय. डॉक्टरकीचा अभ्यास किती जड असतो हे ज्यांच्या घरात असा विद्यार्थी आहे त्यांना सांगायला नको. तरी खेळ सुटला नाही. शिवाजी विद्यापीठाच्या संघाचे ते कर्णधार झाले, बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळले आणि कबड्डीसाठी राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही त्यांना मिळाला.

तेव्हा कबड्डी मातीत होत असे. मॅट वगैरे पुढचे. गुडघे-कोपरे सोलले की वर हळद नाहीतर तीच माती. या खेळाला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. म्हणूनच तो आमच्या वस्त्यांतही रुजला. चढाई करणारा एकटा असतो, समोर सातजण. एका दमात आत जायचे, गडी टिपायचा आणि दम सुटायच्या आत मधली रेषा गाठायची. पकड बसली तरी धडपडत हात रेषेपर्यंत न्यायचा.

साताऱ्यात त्यांनी सुमारे बारा वर्षे दवाखाना चालवला आणि मग तो सोडून पूर्णवेळ चळवळीत उतरले. चालता दवाखाना सोडणे म्हणजे काय, हे संसार करणाऱ्यालाच कळेल. डॉ. बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' मोहिमेत ते होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे या मागणीला त्यांचा पाठिंबा होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र त्यांनीच उभे केले. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. बाबा-बुवांच्या भानगडी, भानामती, करणी, या सगळ्यांना गावोगाव जाऊन तोंड द्यायचे. मुलाचे नाव त्यांनी हमीद ठेवले, हमीद दलवाईंच्या आठवणीने. घरापासून सुरुवात करणारे पुढारी आपल्याकडे तसे थोडेच.

धमक्या येत होत्या. पोलीस संरक्षण त्यांनी नाकारले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर ते नेहमीसारखे फिरायला निघाले होते. तेथे त्यांना गोळ्या घातल्या. वय सदुसष्ट.

ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे सरकारच्या दारात उभे राहिले, त्याचा अध्यादेश खुनानंतर चारच दिवसांनी निघाला. त्याच डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. इतक्या लवकर होण्यासारखे होते, तर इतकी वर्षे अडले कुठे? हा प्रश्न त्या वेळी घराघरांत विचारला गेला.

खुनाचा निकाल लागायला जवळजवळ अकरा वर्षे गेली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. उरलेले तिघे आरोपी सुटले.