भारताचे युवा फुटबॉल संघ : बँकॉक ते अहमदाबाद

भारताच्या युवा फुटबॉल संघाच्या नावावर आशियाई विजेतेपद एकच आहे, आणि तेही वाटून घेतलेले. 1974 मध्ये बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण 2-2 असे बरोबरीत राहिले आणि दोघांनाही विजेते जाहीर करण्यात आले. कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. प्रशिक्षक होते 1962 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या सुवर्णपदकाच्या संघातले बचावपटू अरुण घोष. सुवर्णकाळाचे गोडवे गाणारी मंडळी हे विजेतेपद आजही ताईतासारखे मिरवतात. ते मिळाले कसे, हे मात्र क्वचितच सांगतात. शब्बीर त्या वयात मुंबईच्या टाटा क्लबकडून खेळून झाला होता आणि त्याच सुमारास कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला. संघातला प्रसून बॅनर्जी मोहन बागानच्या वाटेवर होता. म्हणजे ही पोरे वर्षभर दाढीमिशा फुटलेल्या बचावपटूंच्या कोपरांचे धक्के खात होती. युवा संघासाठी वेगळी योजना नव्हती, अकादमी नव्हती, आहारतज्ज्ञ तर नव्हताच. मोठ्यांच्या लीगमध्ये खेळायला मिळत होते, एवढेच होते. आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत नेमके तेवढेच हरवले.

मधला काळ झपाट्याने ओलांडावा असाच आहे. शालेय मुलांसाठी सुब्रतो चषक 1960 पासून होता, कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बी. सी. रॉय करंडक होता. जमशेदपूरला 1987 मध्ये टाटा फुटबॉल अकादमी निघाली आणि कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, महेश गवळी असे खेळाडू तिथे घडले. राष्ट्रीय युवा संघ मात्र स्पर्धा तोंडावर आली की शिबिर, शिबिर संपले की पराभव आणि पराभवानंतर पांगापांग, याच चाकोरीतून फिरत राहिला. वयचोरीची कीड होतीच. जन्मदाखल्यावर सोळा आणि गालावर वस्तरा, अशी मुले आंतरशालेय मैदानांवर सर्रास दिसत. अशा मुलांच्या जोरावर जिल्हा आणि राज्य स्पर्धा जिंकता आल्या. पण आशियाई स्पर्धांसाठी मनगटाच्या हाडांची तपासणी सुरू झाली आणि ते पितळ उघडे पडले. 2002 मध्ये सतरा वर्षांखालील संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. त्या यशाच्या पाठोपाठ काहीच उभे राहिले नाही.

2010 मध्ये पहिल्यांदा कोणीतरी दुखण्याच्या मुळाशी हात घातला. वरिष्ठ संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या कल्पनेतून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केवळ तरुण भारतीय खेळाडूंचा संघ थेट आय-लीगमध्ये उतरवला. तोच इंडियन एरोज. मधल्या काळात प्रायोजकाच्या नावाने तो पैलान एरोजही झाला. जेजे लालपेखलुआ, गुरप्रीत सिंग संधू, प्रीतम कोटाल, प्रणय हलदर यांनी व्यावसायिक सामन्यांची पहिली माती इथेच अंगाला लावून घेतली, आणि पुढची कित्येक वर्षे वरिष्ठ संघाला पुरवठा झाला तो याच गोतावळ्यातून. तरीही 2013 मध्ये संघ गुंडाळण्यात आला. तळाशी राहणाऱ्या संघावर पैसे का उधळायचे, असा हिशेबी सवाल तेव्हा विचारला गेला. शाळेने कमाई किती केली, असे विचारण्यासारखाच तो सवाल होता.

मग आला 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता, त्यामुळे पूर्वतयारीची चैन पहिल्यांदाच परवडली. जर्मन प्रशिक्षक निकोलाय अॅडम यांनी देशभरातून पोरे हुडकली. 2016 मध्ये गोव्यात झालेल्या आशियाई स्पर्धेत या संघाने सौदी अरेबियाला 3-3 असे रोखले, पण पुढे निभाव लागला नाही. त्यानंतर सूत्रे पोर्तुगालच्या लुईस नॉर्टन द मातोस यांच्याकडे गेली. अंतिम एकवीस जणांत आठ मणिपुरी होते. कर्णधार अमरजीत सिंग आणि गोलरक्षक धीरज सिंग त्यांतलेच. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे बचावफळीत होता, आणि आघाडीला होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव.

अनिकेतची निवड योगायोगाने झाली नव्हती. ज्या गावात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम ओसंडून वाहते आणि निकालावरून पेठापेठांत अबोला धरला जातो, त्या गावातून पोरगा राष्ट्रीय संघात जाणे हे उशिराच घडले म्हणायचे. त्याची पुढची मशागत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. कूपरेज आणि आझाद मैदानाच्या पलीकडे महाराष्ट्रात फुटबॉल नाही, असे मुंबईत बसून सांगणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर मिळालेले नाही.

स्पर्धेत भारत अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4 असा हरला. आकडे कोरडे आहेत. 9 ऑक्टोबरची दिल्लीतली रात्र कोरडी नव्हती. राहुल के. पी.चा फटका खांबाला लागून परतला होता, कोलंबिया एका गोलने पुढे होती. 82व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल झाला. स्टेडियम उभे राहिले, पोरेही हरखली आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाने कोलंबियाला पुन्हा आघाडी मिळवून दिली. तो गोल कौशल्य कमी पडले म्हणून झाला नाही. अशा क्षणी मान खाली घालून पुन्हा जागेवर जायचे असते, हे चार-पाचशे चुरशीची मिनिटे खेळल्याशिवाय अंगी येत नाही. शिबिरात ते शिकवता येत नाही.

प्रेक्षकांनी आपली बाजू चोख बजावली. दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता या सहा केंद्रांवर मिळून 13 लाख 40 हजारांहून अधिक लोक आले. फिफाच्या युवा स्पर्धांमधला तो विक्रम ठरला. स्पर्धेआधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा दिवस साजरा केला. छायाचित्रे उत्तम आली. त्यातल्या किती शाळांत दुसऱ्या वर्षी चेंडूत हवा होती, हे कोणी मोजले नाही.

विश्वचषकानंतर महासंघाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. हीच पोरे पुन्हा एरोज म्हणून आय-लीगमध्ये उतरवली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 असे हरवले. त्यातले दोन गोल अनिकेतचे. महिन्याभरात नाँगदांबा नाओरेमने शिलाँग लाजाँगच्या बचावपटूंची रांग चकवत एकट्याने गोल केला, तेव्हा एरवी नाक मुरडणारेही तो पुन्हा पुन्हा पाहू लागले. हंगाम तळाच्या स्थानावर संपला, आणि तरीही तो भारतीय युवा फुटबॉलचा 1974 नंतरचा सर्वांत फलदायी हंगाम होता. जॅक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, लालेंगमाविया, राहुल, रहीम अली हे सगळे पुढे वरिष्ठ संघात आले. 2018 च्या ऑगस्टमध्ये प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो यांच्या वीस वर्षांखालील संघाने स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले. दीपक तांगरीने एक गोल केला आणि अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा. समोर प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, चारच वर्षांनी विश्वविजेते झालेले. मैत्रीच्या स्पर्धेतला निकाल म्हणून तो झटकणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की त्या संघाचा कणा एरोजचाच होता.

त्याच वर्षी गोव्याचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांचा सोळा वर्षांखालील संघ मलेशियात आशियाई उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. साखळीत त्यांनी एकही गोल खाल्ला नाही. दक्षिण कोरियाकडून 0-1 हार झाली आणि पात्रतेच्या जोरावर विश्वचषक गाठायची संधी एका सामन्याने हुकली.

दक्षिण आशियाई स्पर्धांतली विजेतेपदे याच काळात ढिगाने मिळाली. नेपाळ, बांगलादेशाला हरवून पाठ थोपटून घेण्याची सवय तेवढी वाढली.

मुलींच्या वाट्याला याहून कमी आले. करोनामुळे 2020 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक रद्द झाला. 2022 मध्ये तो भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला, तोही फिफाने महासंघाला ऑगस्टमध्ये निलंबित करून मग मोकळे केल्यानंतर. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5 असे निकाल लागले. पण 2025 मध्ये वीस आणि सतरा वर्षांखालील दोन्ही मुलींच्या संघांनी आशियाई स्पर्धेची पात्रता मैदानावर मिळवली, यजमानपदाच्या मेहरबानीने नव्हे.

आणि एरोज? 2022 मध्ये संघ दुसऱ्यांदा बंद झाला. त्याच्या जागी युवकांची युवकांशीच लीग आली. सतरा वर्षांच्या मुलाने सतरा वर्षांच्या मुलाला हरवत राहायचे आणि एकविसाव्या वर्षी परदेशी आघाडीवीरासमोर उभे राहायचे, अशी ही योजना आहे. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) क्लबांत ही मुले राखीव बाकावर वाढतात, आणि 2025 च्या उत्तरार्धात तर लीगच लांबणीवर पडल्याने बाकही उरला नाही.

याच वातावरणात 30 नोव्हेंबर 2025 ला अहमदाबादेत बिबियानोंच्या सतरा वर्षांखालील संघाने इराणला 2-1 असे हरवून पुढच्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला. लेबनॉनकडून हरलेला आणि पॅलेस्टाइनशी बरोबरीत अडकलेला हा संघ एका गोलने पिछाडीवर असताना उलटला. महासंघाने या मुलांसाठी 2017 चाच कित्ता गिरवावा : संघ फोडू नये, त्याला मोठ्यांच्या लीगमध्ये उतरवावे आणि तो तळाशी राहिला म्हणून दोन हंगाम तरी बंद करू नये.